न दिसण्याचे दायित्व

नीतिमीमांसेत वारंवार येणारी उदाहरणे बहुधा मोठ्या क्षणांची असतात. रणांगणावर थबकलेला अर्जुन, पित्याच्या वचनासाठी वनाकडे निघालेला राम, विषाचा पेला हाती घेतलेला सॉक्रेटिस. अशा क्षणी माणसाला आपण काहीएक निर्णय घेत आहोत याची पूर्ण जाणीव असते. परंतु आपल्या हातून इतरांना जी इजा पोहोचते, तिच्यातील फार थोडा भाग अशा जाणत्या निर्णयांतून आलेला असतो. उरलेली इजा आपले लक्ष दुसरीकडे असताना, सवयीच्या वाटेवर, सावकाश चालताना घडते. आणि ती घडून गेल्यावर आपण म्हणतो, 'दिसले नाही'. हे दोन शब्द सबब म्हणून कितपत ग्राह्य धरावेत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या विचारासाठी साहित्याच्या अभ्यासकाला काहीसे अपरिचित वाटेल असे एक क्षेत्र मी निवडले आहे. ते म्हणजे लहान विमानांची, आकाशात नव्हे तर जमिनीवर चालताना होणारी टक्कर.

दिल्लीत दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला हे क्षेत्र तितकेसे अपरिचित वाटणार नाही. सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. तिच्यात आणि तिच्या आसपास महाराष्ट्रातून बदलीवर आलेली कितीतरी कुटुंबे राहून गेली. या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर सफदरजंग विमानतळ आहे. ब्रिटिश अमदानीत तो विलिंग्डन एअरफील्ड म्हणून ओळखला जाई. प्रवासी वाहतूक पालमकडे गेल्यानंतरही फ्लाइंग क्लबची लहान विमाने येथून उडत राहिली. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर सुरक्षेच्या कारणास्तव हे शिकाऊ उड्डाणांचे पर्व संपले. लोकांच्या स्मृतीत हा विमानतळ राहिला आहे तो मुख्यतः २३ जून १९८० या दिवसामुळे. संजय गांधी यांचे पिट्स जातीचे छोटे विमान येथूनच उडाले आणि काही वेळातच कोसळले. पडणे लोकांच्या लक्षात राहते. धावपट्टीपर्यंत जाताना दोन विमानांची पंखाला पंख घासून झालेली टक्कर कोणाच्या लक्षात राहत नाही. लोकस्मृती उंचीवरून घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवते, आणि माझ्या मते नीतिविचाराचीही तीच उणीव आहे.

विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून धावपट्टीपर्यंत, आणि उतरल्यावर पुन्हा त्या जागेपर्यंत, स्वतःच्या इंजिनाच्या बळावर चाकांवरून जाते. या चालण्याला टॅक्सिंग म्हणतात. शिकाऊ वैमानिकाला सांगितले जाते की या वेळी विमानाचा वेग माणसाच्या झपझप चालीइतकाच असावा. प्रवाशाच्या लेखी हा वेळ हिशेबात धरण्याजोगा नसतो. त्याच्या दृष्टीने प्रवास सुरू व्हायचा असतो किंवा संपलेला असतो. प्रत्यक्षात विमान या वेळी अगदी परक्या अवस्थेत असते. त्याची सारी रचना हवेसाठी झालेली आहे. जमिनीवर ते अवघडलेले असते. पंख दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेले, पुढे फिरणारा पंखा, मागे वळताना बाहेरच्या बाजूला झुकणारी शेपटी. मोठ्या विमानांपैकी अनेकांत तर वैमानिकाला आसनावर बसल्या जागेवरून स्वतःच्या पंखांची टोके दिसतही नाहीत. म्हणजे ज्या देहाचा तो स्वामी आहे, त्या देहाची सीमा त्याच्या दृष्टीच्या पलीकडे आहे.

जुन्या काळच्या लहान विमानांत हा प्रश्न अधिक तीव्र होता. टायगर मॉथसारख्या विमानाला शेपटीखाली आधार असे आणि पुढची दोन चाके उंच असत. त्यामुळे जमिनीवर असताना त्याचे नाक वर उचललेले राही आणि वैमानिकाला नेमके समोरचे दिसत नसे. चाकांना ब्रेकही नसत. बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार झालेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले पुष्पक हे विमान देशातील फ्लाइंग क्लबांत पुढे रूढ झाले. त्याचीही चाकांची मांडणी याच जातीची होती. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एकाची जागा शिल्लक राही म्हणतात. या पुष्पकात दोघांचीच सोय होती.

अशा विमानाच्या वैमानिकाला एक साधी रीत शिकवली जाते. सरळ जायचे नाही. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, नागमोडी वळणे घेत जायचे. म्हणजे प्रत्येक वळणावर नाक बाजूला सरते आणि क्षणभर पुढची वाट दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला ही चाल डळमळीत वाटेल. तिच्यात वेळ जातो, डौल तर मुळीच नसतो. परंतु या वाकड्या चालीत एक संपूर्ण नीतिसिद्धांत दडलेला आहे. आपल्याला समोरचे दिसत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर ते पाहण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी येते. न दिसणे हा त्याच्या विमानाच्या बांधणीचा भाग आहे, त्याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. पण न दिसण्याचे ज्ञान झाल्यावरही जो सरळ जातो, त्याला 'दिसले नाही' असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. अज्ञान आणि अज्ञानाचे ज्ञान या दोन अवस्थांत नैतिकदृष्ट्या एवढे अंतर आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात अज्ञानापोटी केलेल्या कृत्यांचा विचार करताना अशीच रेषा आखली होती. मद्याच्या धुंदीत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला तो देतो. कारण धुंदीत काय घडले हे त्या माणसाला कळले नसेल, तरी धुंद व्हावे की नाही हे त्याच्या हाती होते. बौद्ध परंपरेने हीच गोष्ट 'अप्पमाद' या शब्दात साठवली. धम्मपदाचा दुसरा वर्गच त्या नावाचा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणाऱ्या अंतरायांच्या यादीत व्याधी, संशय आणि आळस यांच्या पंक्तीला 'प्रमाद' बसला आहे. संस्कृतात आणि पालीत त्याचा मूळ अर्थ बेसावधपणा, भान सुटणे असा आहे. मराठीत मात्र 'त्याच्या हातून प्रमाद घडला' असे आपण म्हणतो, तेव्हा चूक किंवा दोष हा अर्थ अभिप्रेत असतो. लक्ष सुटण्याच्या अवस्थेला आपल्या भाषेने दोषाचेच नाव दिले आहे. भाषेच्या या निवाड्याकडे नीतिविचाराने दुर्लक्ष करू नये.

'अपघात' या शब्दाचेही तसेच आहे. दिल्लीच्या रस्त्यांवरील पाट्यांत 'दुर्घटना' हा शब्द वाचायला मिळतो. मराठी माणूस त्याच प्रसंगाला 'अपघात' म्हणतो. दुर्घटनेत वाईट अशी एक घटना आहे, ती आपोआप घडल्यासारखी. अपघातात 'घात' आहे, आणि घात म्हटला की कोणीतरी करणारा आणि कोणीतरी सोसणारा मनात येतो. रोजच्या वापरात आपण ही धार बोथट केली आहे हे खरे. 'अपघाताने' म्हणजे योगायोगाने, अशीही आपली समजूत झाली आहे. तरी शब्दाच्या तळाशी तो कर्ता अजून बसलेला आहे.

जमिनीवरच्या टकरीचा दुसरा पैलू वाटेच्या हक्काचा आहे. येथे आपले साहित्य फार जुने साक्षीदार पुढे करते. महाभारताच्या आदिपर्वात कल्माषपाद राजा आणि वसिष्ठपुत्र शक्ती एका अरुंद वाटेवर समोरासमोर येतात. वाट एकाच्याच पुरती आहे. राजाला राजेपणाचा हक्क वाटतो, ऋषिपुत्राला ब्राह्मण्याचा. कोणीही बाजूला होत नाही. राजाचा चाबूक उठतो, ऋषिपुत्राचा शाप सुटतो, राजा राक्षस होतो आणि प्रथम शक्तीलाच गिळतो. पुढे वसिष्ठाचे सारे पुत्र त्याला बळी पडतात. एक पाऊल मागे न घेतल्याने एवढा विनाश झाला. उलट वनपर्वात बाल अष्टावक्र जनकाला वाटेचा क्रम सांगतो, त्यात पहिली वाट आंधळ्याची आहे, मग बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची. राजाचा क्रम त्यानंतर. यादीच्या अखेरीस ब्राह्मणाला सर्वांत वरचा मान देऊन तो आपला वर्णाभिमानही प्रकट करतो, हे आजच्या वाचकाने नोंदवलेच पाहिजे. तरीही ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी दिसणाऱ्याने थांबावे, हे त्या क्रमाचे पहिले तत्त्व शिल्लक उरते.

आजचे आंतरराष्ट्रीय हवाई नियम या प्रश्नाकडे रोखठोकपणे पाहतात. जमिनीवर दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनी थांबावे किंवा शक्य असेल तेथे आपापल्या उजवीकडे व्हावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्यापासून पुरेसे अंतर राखावे. येथे मानमरातब नाही, कुळ नाही, विमानाचा आकारही विचारात घेतलेला नाही. पण या नियमांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच कलम. हे नियम वैमानिकाला टक्कर टाळण्याच्या जबाबदारीतून मुक्त करीत नाहीत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. वाट तुमची असली तरी टक्कर टाळण्याचे कर्तव्य तुमचे राहतेच. कल्माषपाद आणि शक्ती या दोघांनाही नेमके हेच उमगले नव्हते. हक्क मिळाला की दायित्व संपले, असे त्यांनी मानले.

अशाच एका वाटेवर ग्रीक शोकात्मिकेचा सर्वांत प्रसिद्ध वध घडला आहे. तीन रस्ते एकत्र येतात तेथे इडिपसला एका रथातील माणसे बाजूला ढकलतात. तो संतापाने प्रहार करतो आणि रथातील वृद्धाला ठार करतो. तो वृद्ध आपला पिता आहे हे त्याला ठाऊक नसते. सोफोक्लीझने या प्रसंगाला आपल्या दोन नाटकांत दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. 'राजा इडिपस'मध्ये सत्य कळल्यावर नायक अज्ञानाची सबब पुढे करीत नाही. ज्या डोळ्यांनी पाहायला हवे ते पाहिले नाही, ते डोळेच तो फोडून घेतो. वृद्धापकाळी लिहिलेल्या 'कोलोनस येथील इडिपस'मध्ये मात्र तोच नायक ठामपणे सांगतो की जे घडले ते आपण नकळत केले, कायद्यापुढे आपण निर्दोष आहोत. कोणते उत्तर खरे? दोन्ही खरी आहेत असे मला वाटते, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. दुसऱ्या नाटकातला प्रश्न दंडाचा आहे, पहिल्या नाटकातला उत्तर देण्याचा. दंडास पात्र नसलेला माणूसही उत्तर देण्यास बांधील असू शकतो. दायित्व या शब्दाचा अर्थ या दुसऱ्या प्रश्नातून उलगडतो.

मात्र आधुनिक काळातील टक्कर दोन माणसांपुरती मर्यादित राहत नाही. ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. चार माणसांचे एक लहान सेसना विमान धावपट्टीकडे चालत निघाले. त्याला ज्या मार्गाने जायला सांगितले होते त्याऐवजी ते शेजारच्या मार्गाला लागले आणि सरळ चालू धावपट्टीवर आले. त्याच क्षणी कोपनहेगनकडे निघालेले मोठे विमान वेग घेत होते. ११८ माणसे मेली. त्यांतील चार विमानात नव्हतीच, ती सामानाच्या इमारतीत आपले काम करीत होती. लहान विमानाच्या वैमानिकांची वाट चुकली, हे खरे. पण जमिनीवरची हालचाल दाखवणारे जुने रडार काढून टाकलेले होते आणि नवे अजून सुरू झालेले नव्हते. मार्गावरील खुणा आणि पाट्या नियमांप्रमाणे नव्हत्या. वैमानिकाने जाता जाता एका खुणेचे नाव नियंत्रकाला कळवले होते, ती खूण नियंत्रकाच्या नकाशातच नव्हती. तशा धुक्यात विमान चालवण्याची पात्रता त्या वैमानिकांकडे नव्हती, आणि ती कोणी तपासलीही नव्हती. पुढे न्यायालयाने नियंत्रकासह काही अधिकाऱ्यांना दोषी ठरवले.

येथे 'दिसले नाही' हे वाक्य अनेकांच्या मुखी आहे. वैमानिकाला खूण दिसली नाही, नियंत्रकाला विमान दिसले नाही, व्यवस्थापनाला रडारचा अभाव दिसला नाही. दायित्व असे वाटले गेले की ते पातळ होत जाते, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. शंभर जणांत वाटलेला दोष प्रत्येकाच्या वाट्याला शतांश येतो, असा हा हिशेब. तो मला मान्य नाही. दायित्व ही वाटून कमी होणारी वस्तू नाही. वाट चुकलेल्याला वाट न पाहिल्याचे पूर्ण उत्तर द्यावे लागेल, आणि खुणा न रंगवणाऱ्याला खुणा न रंगवल्याचे तितकेच पूर्ण.

या बाबतीत आपल्याकडील एका जुन्या, आणि योग्य कारणांसाठी वादग्रस्त, ग्रंथाची आठवण होते. मनुस्मृतीचे दहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, आणि माणसामाणसांत जन्मावरून भेद करणाऱ्या त्या विधानांचे समर्थन आज कोणीही करू नये. पण तिच्या आठव्या अध्यायात रथांच्या अपघातांचा एक छोटा प्रसंग आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, सारथ्याने ओरडून लोकांना सावध केले, अशा काही प्रसंगी दंड नाही. सारथ्याच्या अकुशलतेने रथ भरकटला तर मालकाला दंड. सारथी कुशल असेल तर दंड त्याचा त्याला. आणि सारथी अकुशल असताना जे रथात बसले, त्या सर्वांना दंड. पहिल्या तरतुदीत यंत्राच्या दोषाला सूट आहे, दुसरीत नेमणूक करणाऱ्याची जबाबदारी, तिसरीत चालवणाऱ्याची. चौथीत मात्र प्रवाशालाही पकडले आहे. ज्याच्या हाती आपण आपला आणि इतरांचा जीव सोपवतो, त्याची पात्रता न विचारणे हाही प्रमादच, असे ती सुचवते. लिनातेच्या चौकशीत निघालेले बरेचसे प्रश्न या चार ओळींत आधीच मांडलेले दिसतात.

हेतूच्या शुद्धतेनेही हा प्रश्न सुटत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे एक छोटे विमान भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन निघाले होते. पुढे जाण्याची परवानगी मिळाल्याची त्याच्या कप्तानाची समजूत झाली आणि विमान धावपट्टीवर जाऊन थांबले. मागून उतरणारे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. प्रवासी विमानातील ३७९ जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. त्यांचा उद्देश करुणेचा होता. करुणेलाही नागमोडी चालावे लागते.

निश्चितपणाची किंमत त्याहून मोठी असते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील तेनेरिफे येथे धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर आली. एक अजून चालत होते, दुसऱ्याने परवानगी मिळण्यापूर्वीच धाव घेतली. धाव घेणाऱ्या विमानातील अभियंत्याने पुढचे विमान धावपट्टीवरून गेले ना, अशी शंका बोलून दाखवली होती. कप्तानाने ती ठामपणे निकालात काढली. ५८३ माणसे मेली. कप्तान अनुभवी होता, नामांकित होता. त्याच्याकडे अनुभवाची कमतरता नव्हती; कमतरता होती ती आपल्याला दिसत नाही या जाणिवेची. त्यानंतर विमानांशी होणाऱ्या संभाषणाचे शब्द काटेकोर झाले, आणि कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी, वरिष्ठाने ती ऐकावी, याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. बरोबर सत्तेचाळीस वर्षांनी, २७ मार्च २०२४ रोजी, कोलकात्याच्या विमानतळावर चालत्या विमानाच्या पंखाचे टोक थांबलेल्या दुसऱ्या विमानाच्या पंखाला लागले. कोणाला इजा झाली नाही. चौकशी सुरू झाली, वैमानिकांना तात्पुरते कामावरून दूर करण्यात आले, आणि दोन दिवसांत बातमी विरली. नीतीच्या दृष्टीने या दोन घटनांत किती अंतर आहे? परिणामांत तर अपार. पण न पाहता पुढे जाणे या कृतीत पाहिले तर फारसे नाही. आपण परिणामावरून दोष मोजतो, म्हणून वाचलेल्या प्रसंगांतून काही शिकत नाही.

अपघातांच्या चौकशीचे जे आंतरराष्ट्रीय तत्त्व आहे ते याच सवयीवरचा उपाय आहे. चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नसावा, असे ते सांगते. भारतात २०१२ साली यासाठी वेगळी यंत्रणा स्थापन झाली, आणि तिचे कार्यालय सफदरजंग विमानतळाच्या परिसरातच आहे. या तत्त्वावर एक आक्षेप घेता येतो. दोष ठरवायचाच नसेल तर मेलेल्यांना न्याय कसा मिळणार? आक्षेप हलका नाही. पण इडिपसच्या दोन नाटकांतून जो भेद हाती आला तो येथे उपयोगी पडतो. दंड ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्याने करावेच. चौकशी दुसऱ्या प्रश्नाचे काम करते. ती प्रत्येकाकडून उत्तर मागते. शिक्षेच्या भयाने उत्तरे लपवली जाणार असतील तर न्याय एकदा होईल आणि अपघात पुन्हा होईल. ही दोन कामे वेगळी ठेवण्यात दायित्वाचा लोप नाही, उलट त्याचा विस्तार आहे.

सफदरजंगच्या आसपासच्या या वसाहतींना स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'विनय नगर' असे नाव होते. पुढे त्यातल्या एका भागाला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. विनय या शब्दाला नम्रता हा अर्थ आहे आणि शिस्त हाही; बौद्ध परंपरेत भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह त्याच नावाने ओळखला जातो. जमिनीवर विमान चालवणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकदमच लागतात. आपल्याला सर्व दिसत नाही ही नम्रता, आणि म्हणून वळून वळून पाहण्याची शिस्त. यातील एक असेल आणि दुसरी नसेल तर ती कामाची नाही. आपल्याला दिसत नाही असे नुसते म्हणत राहणे ही नम्रता नव्हे, ती आगाऊ तयार ठेवलेली सबब झाली.

मराठी परंपरेने या गुणाला नेमके नाव दिले आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. रामदासांच्या चरित्रातील प्रसिद्ध आख्यायिका, ती इतिहास म्हणून कितपत टिकेल ते असो, 'सावधान' या शब्दाभोवतीच फिरते. आणि दासबोधात प्रपंच व परमार्थ या दोहोंसाठी सावधपणाचा आग्रह पुनःपुन्हा धरलेला आहे. प्रत्येक मराठी लग्नात हा शब्द अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतो. समोर कोण आहे ते पडद्यामुळे अजून दिसत नसते, आणि एका मोठ्या दायित्वाकडे पाऊल पडणार असते. नेमक्या त्याच वेळी 'सावधान' म्हणण्यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे. आपल्या प्रत्येक कृतीचे पंख आपल्या दृष्टीपेक्षा लांब असतात. ती कृती लहान आहे, वेग कमी आहे, प्रवास अजून सुरू झालेला नाही, असे वाटते तेव्हाही त्यांचे टोक कोणाच्या तरी अंगावरून जात असते. ते टोक पाहता येत नसेल तर थांबावे, वळावे, कोणाला तरी विचारावे. एवढे केल्यानंतरही टक्कर झाली, तर 'दिसले नाही' हे शब्द उच्चारण्याचा अधिकार माणसाला मिळतो. त्यापूर्वी मिळत नाही.